पाहुणी वही

मी शिकवतो त्या शाळेला दोनच खोल्या आहेत. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला असलेलं लहान गाव आणि चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. मधल्या भिंतीला एक दार आहे. लाकूड फुगल्यामुळे ते कधीच नीट लागत नाही, म्हणून त्या खोलीतलं शिंकणंसुद्धा या खोलीत ऐकू येतं. बारा वर्षांत मला त्या दाराचा काही त्रास झाला नाही. पलीकडे जे गुरुजी होते ते निवृत्तीला आलेले, मवाळ गृहस्थ. ते पाढे म्हणवून घेत, मी बाराखडी, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून शाळा चालल्यासारखी वाटे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. त्यानंतर त्या दारातून जे जे ऐकू आलं त्याने मी वर्षभर जळलो. लिहिताना लाज वाटते, पण याला दुसरा शब्द नाही.

माझी बाजू आधी सांगतो. मी नाचणगावचा. वडील पुलगावात एका धान्याच्या दुकानात पोती उचलायचे आणि कुठल्याही कागदावर अंगठा लावायचे. आईला घड्याळ कळत नव्हतं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे ज्यांच्यामुळे झालं ते आमचे चौथीचे गुरुजी. त्यांची पद्धत एकच होती: रोज दहा ओळी सुंदर अक्षरात, रोज श्रुतलेखन, आणि दर शनिवारी एक निबंध पाठ. 'माझा आदर्श दिनक्रम', 'वाचनाचे महत्त्व', 'पाणी हेच जीवन'. मी सगळे पाठ केले आणि पुढच्या प्रत्येक परीक्षेत तेच फिरवून फिरवून लिहिले. नोकरी लागली तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा त्यांच्या घरी नेला. आजही माझं फळ्यावरचं अक्षर बघून लोक विचारतात, कोणाकडे शिकलात. ज्या पद्धतीने मी माणसांत आलो तीच मी माझ्या वर्गातल्या मुलांना दिली. माझ्या मुलीलाही तीच दिली.

आम्ही याच गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बहुतेक शिक्षक सेलू नाहीतर वर्ध्याहून येणं-जाणं करतात आणि त्यांची मुलं इंग्रजी शाळेत जातात. आपण ज्या शाळेचं खातो तिथेच आपलं लेकरू शिकेल, असं मी ठरवलं होतं. त्यामुळे मुलगी पहिली आणि दुसरी माझ्याच वर्गात होती. शाळेत सर म्हणायचं, घरी बाबा. ती बिचारी दोन्ही टाळायची, नुसती समोर येऊन उभी राहायची. संध्याकाळी घरी पुन्हा दहा ओळी. दोन वर्षांनी तिला वाचता येत होतं, म्हणजे अक्षरं सगळी येत होती. पण काठोकाठ भरलेली बादली उचलून चालावं तसं ती वाचायची, एकेक शब्द सांभाळत, आणि मधूनच माझ्या तोंडाकडे बघायची. तिला माझ्यापेक्षा चांगलं वाचता-लिहिता यावं, एवढी एकच इच्छा मी धरली होती. माझ्या वडिलांना माझ्यासाठी जे करता आलं नाही ते मी तिच्यासाठी स्वतः करणार होतो. दुसऱ्या कोणी ते करावं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

ती तिसरीत गेली त्याच जूनमध्ये मॅडम आल्या. वर्ध्याच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. वडील कचेरीत, आई शिक्षिका. घरी पुस्तकांचं कपाट आहे हे त्या सहज बोलून गेल्या, आणि ते सहज बोलणंच मला पहिल्या दिवशी लागलं. आमच्याकडे कपाट आलं ते माझ्या लग्नात, आणि त्यात गोधड्या आहेत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलांना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगितली. साबणाची, चहाची, बिस्किटांची, बियाण्याच्या पिशव्या. खोलीच्या कोपऱ्यात त्यांचं दुकान मांडलं. दुकानात गेल्यावर वस्तू मागायची नाही, पाकिटावर जे छापलंय ते वाचून दाखवायचं, मग ती मिळणार. पंधरा दिवसांत पोरं ते छापील मराठी खेळताना बोलू लागली. मधल्या सुट्टीत एक जण रडणाऱ्या धाकट्या भावाला म्हणाला, "जाय, थंड व कोरड्या जागी बस." भाऊ रडायचा थांबला आणि खरंच पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला.

मग दोरी आली. खोलीत आडवी बांधलेली, तिला कपड्यांचे चिमटे. रोज प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहायचं आणि टांगायचं. पोरांनी तिला नाव दिलं वाळवण.

"म्याडम, आज मले वाळू घालाले काईच नाई," कोणी म्हणे.

"मग तेच लिही," मॅडम म्हणत. आणि तो तेच लिही.

शाळा सुटल्यावर, सगळे गेले की मी त्या खोलीत जाऊन चिठ्ठ्या वाचायचो. 'आमची बकरी मेली नव्हती, झोपली होती.' 'काल मावशी आली अन् चहा न पेता गेली.' 'मले आज काई नाई.' वाकडी अक्षरं, अर्धी वाक्यं. मी मनातल्या मनात लाल पेन फिरवायचो, आणि तरी पुढची चिठ्ठी वाचल्याशिवाय मला निघवत नसे. मावशी चहा न घेता का गेली, हा विचार माझ्या डोक्यात दोन दिवस होता. हेच मला सहन होत नव्हतं.

मग मीही माझ्या खोलीत दोरी बांधली. चिठ्ठ्या मीच लिहिल्या, माझ्या उत्तम अक्षरात: 'मोठ्यांचा मान राखावा', 'स्वच्छता ठेवावी'. आठ दिवसांत पोरांनी त्या दोरीला पाण्याच्या बाटल्या अडकवल्या. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा मी हळूच म्हणालो, "पलीकडे जरा गोंधळ असतो, साहेब." ते पलीकडे गेले आणि तासभर तिथेच बसले. दारातून त्यांचा आवाज येत होता. ते एका पाकिटावरचं वाचून काहीतरी विकत मागत होते. जाताना म्हणाले, "सर, तुमच्याकडंही असं काही सुरू करा की."

दिवाळीपर्यंत मुलगी बदलली. आम्ही कपड्यांसाठी सेलूला गेलो तर ती रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत चालली. दवाखाना, कृषी केंद्र, एसटीच्या काचेवरचं गाव, भिंतीवरची जाहिरात. एकदाही तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी खूश व्हायला हवं होतं. घरी येऊन मी पायरीवर जाऊन बसलो.

"आता वाचते, तं तुमी काऊन तोंड पाडून बसले?" बायकोने विचारलं.

"अक्षरं मी शिकवली तिला. दोन वर्षं."

"हो ना. कनिक तुमी भिजवली, पोळी म्याडमनं लाटली. आता तव्याशी भांडता का?"

ती दहावी झालेली आहे आणि बोलण्यात मी तिच्यापुढे कधीच टिकलो नाही.

दिवाळीनंतर मॅडमनी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशवीत घातलेली. ती रोज एका मुलाच्या घरी जाणार. घरच्यांनी सांगायचं, मुलाने आपल्या हाताने लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून वाचायचं. लाल पेन या वहीला लागणार नाही, हे मॅडमनी आधीच सांगून टाकलं. प्रत्येक फेरीला एक प्रश्न. पहिल्या फेरीचा प्रश्न होता: तुमच्या घरी एखादी गोष्ट कशी करतात? मुलं चौदा, घरं चौदा.

पुढे जे झालं ते मॅडमनीही योजलं नसावं. वही ज्या घरी पहिल्यांदा गेली त्या घरच्या बाईने पिशवी बघितली आणि कोणी पाहुणी बाई आल्यासारखं तिला हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या घरी ही बातमी आधीच पोचली होती, तिथे हळदीकुंकू झालं आणि शिराही झाला. तिसऱ्या घराला मग मागे राहता येईना. नळावर बाया एकमेकींना विचारू लागल्या, "आज पाहुनी कोनाकडं हाय?" शेतावरून आलेले बाप हातपाय धुऊन वहीपुढे बसू लागले. आमच्या पालकसभेला चार माणसं येतात, त्यांतली दोन चहासाठी. बारा वर्षांत माझ्या वर्गातल्या कुठल्याही गोष्टीला या गावाने हळदीकुंकू लावलं नव्हतं.

दारातून पानं ऐकू यायची. 'रानडुक्कर हाकलाले बाबा डबा वाजवते. डबा फुटला का आई बाबावर ओरडते. तिच्या आवाजानं डुक्कर जास्त दूर पळते.' उपड्या माठावर भाजतात ती लांब पोळी हातावर कशी वाढवायची आणि ती फाटली तर पाहुण्यांना न दिसता कशी घडी घालायची. मोहफुलं वेचायला पहाटे का जावं लागतं. माझ्या वर्गातली पोरं लिहिता लिहिता थांबून दाराकडे कान लावत. मी टेबलावर छडी आपटायचो. ती नुसती आपटायला ठेवलेली आहे, मी कोणाला मारत नाही. पण त्या दिवसांत ती बरीच आपटली.

आमचा नंबर आला. मुलीने पिशवी दोन्ही हातांनी धरून आणली. बायकोने ताट तयारच ठेवलं होतं. मुलीचं काय लिहायचं ते वाटेतच ठरलं होतं.

"मी माकडांचं लिहीन. माकडं कवलावर आले का आई अंगनात थाळी वाजवते अन् बाबा आतून कडी लावते."

बायको हसून हसून खाली बसली. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर मॅडमचा वर्ग आला. शिक्षकाच्या घरचं पान, आणि त्यात शिक्षक आतून कडी लावून बसलेला.

"असं नको," मी म्हणालो. "आपण काहीतरी चांगलं लिहू."

"ते सांगून राह्यली त्यात काय वाईट हाय?" बायको म्हणाली.

"तू चहा ठेव."

तिने चहा ठेवला. मी मुलीला सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. 'आमच्या घरी वाचन कसे करतात. आमच्या घरी दररोज सायंकाळी सर्वजण एकत्र बसून वाचन करतात. बाबा वर्तमानपत्र वाचतात. आई धार्मिक पुस्तके वाचते. वाचनाने ज्ञान वाढते व मनोरंजनही होते.' अक्षर छान आलं. मध्ये एकदाच तिने विचारलं, "बाबा, आपन कधी बसतो?"

"लिही," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी समाधानात होतो. ते पान वर्गातल्या मुलांसाठी नव्हतंच, आणि मुलीसाठीही नव्हतं. ते मॅडमना दाखवायला होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गाला दहा ओळी दिल्या आणि खुर्ची दाराजवळ ओढली. मुलगी वाचायला उभी राहिली. तोच जुना आवाज, भरलेल्या बादलीचा. मी ओळखला आणि तरी मला वाटलं, चांगलं चाललंय. वाचून झालं. पलीकडे कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मग एका मुलाचा आवाज आला. तो आमच्या शेजारचा, चौथीतला.

"म्याडम, मी यायच्या बाजूलेच राह्यतो. यायच्या घरी संध्याकाळी सिरियल राह्यते. आमच्या घरात आवाज येते."

"अन् काकू तं म्हनते, मले मराले टाइम नाई," एक मुलगी म्हणाली.

"हे पुस्तकातलं हाय," तिसरा कोणी म्हणाला, आणि मग वर्ग हसला.

मी मॅडम काय म्हणतात त्याची वाट पाहत होतो. त्या काही कडू बोलल्या असत्या तर मला रागावता आलं असतं. त्यांनी हसणं संपू दिलं आणि म्हणाल्या, "तिने वाचलं, आपण ऐकलं. आता पिशवी कोणाकडे जाणार?" एवढंच. रागवायलाही त्यांनी मला काही दिलं नाही.

घरी मुलीने दप्तर खुंटीला लावलं. शेजारचं ते पोर आगाऊ आहे, असं मी म्हणालो. तिने मान हलवली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी न सांगता दहा ओळी लिहायला बसू लागली. वाटेवरच्या पाट्या वाचणं तिने सोडलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, आली ठिकाणावर.

दुसऱ्या फेरीचा प्रश्न होता: घरात कोण कशाला भितं? गावात या प्रश्नाने धमाल उडवली. एका पैलवान काकांचं इंजेक्शनचं प्रकरण बाहेर आलं, आणि ते आठवडाभर आमच्या शाळेपुढून गेले नाहीत. फेरी संपत आली असताना एक दिवस बायको नळावरून आली आणि घागर दाराशीच ठेवली.

"पाहुनी आपल्या दारावरून पुढं गेली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काल आपला नंबर होता. शेजारनीनं सांगतलं. वही सरळ त्यायच्याकडं गेली. मी वेडीसारखी रवा आनून ठेवला." ती घागरीकडे बघत होती. "आलेलं मानूस आपलं घर सोडून बाजूच्या घरी जेवाले गेलं, तं लोकं काय समजतील?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगितलं पाहिजे. मला आनंद झाला. इतक्या महिन्यांनी मॅडम चुकल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलीला मुद्दाम वगळलं होतं आणि आता मला त्यांना जाब विचारता येणार होता. काय बोलायचं याची वाक्यं मी रात्री जुळवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. त्या ओट्यावर बसून मुलांच्या रांगेवर लक्ष ठेवत होत्या.

"मॅडम, वही माझ्या घरी आली नाही."

"हो, सर."

"सगळ्या गावात फिरते. माझंच घर वगळायचं काही कारण?"

"मी वगळलं नाही," त्या म्हणाल्या. "तिनेच सांगितलं, माझा नंबर पुढे जाऊ द्या."

"असं ती का म्हणेल?"

"राहू द्या ना, सर."

"नाही, सांगा. मला कळलं पाहिजे."

त्यांनी एका मुलाला ताट सरळ धरायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणाली, आमच्या घरी आली की बाबा लिहितात. मग सगळे हसतात."

मी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मुलगी रांगेत तिसरी उभी होती. माझ्याकडे पाठ होती तिची.

"मी तिचा नंबर शेवटचा ठेवलाय," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी वही मोकळी आहे. ती अजून हो म्हणाली नाही. आणि सर, त्या दिवशी..."

त्या थांबल्या. त्यांना ते बोलणं जड जात होतं आणि ते जड जाणंही खरं होतं.

"त्या दिवशी मी घरी नसतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी मुलीला सांगितलं, "शनिवारी शाळा सुटली की मी पवनारला जाणार आहे. दिवेलागणीशिवाय येत नाही."

"काऊन?"

"काम आहे."

"कोनतं काम, ते मले नाई सांगतलं," स्वयंपाकाच्या खोलीतून बायको म्हणाली. मुलीने पेन्सिल खाली ठेवली.

"मंग वही आनू?"

"तुझी वही. तू ठरव."

"अन् आल्यावर दाखव म्हनसान?"

"नाही."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

"माही कायले घेता मधात?" बायको म्हणाली, पण तिचा आवाज आता वेगळा होता.

शनिवारी दुपारी मी गाडी काढली आणि पवनारला जाऊन धाम नदीच्या काठावर बसलो. काम काहीच नव्हतं. खडकांवर बाया कपडे आपटत होत्या, पुलावरून वर्ध्याच्या बस जात होत्या. फुटाणे घेतले होते ते पहिल्या अर्ध्या तासात संपले. एका वहीने आपल्याला घराबाहेर काढलं आहे, असं सारखं मनात येत होतं. आता त्या दोघी खाटेवर डोकं जवळ घेऊन बसल्या असतील. बायको सांगत असेल, मुलगी पेन्सिल चावत असेल. तोवर मी फक्त मॅडमवर जळत होतो, त्या दुपारी बायकोवरही जळलो.

वेळ जाईना म्हणून खिशातला कागद काढला आणि म्हटलं, आपणही एक पान लिहू. घरात कोण कशाला भितं? मी लिहिलं, 'माझ्या घरी सर्वजण निर्भय आहेत.' खोडलं. 'भीती हा मानवाचा सर्वात मोठा शत्रू आहे.' तेही खोडलं. तिसरी ओळ 'मी' या शब्दावर थांबली. कुठल्याही विषयावर दहा मिनिटांत दीड पान लिहिणारा माणूस मी. केंद्रातले शिक्षक निरोप समारंभाची भाषणं माझ्याकडून लिहून नेतात. आणि माझ्या दोन खोल्यांबद्दल मला एक ओळ लिहिता येत नव्हती.

माझ्या चौथीच्या गुरुजींची आठवण आली. त्यांना मी दोष देत नाही. साठ पोरं, एक फळा, आणि त्यांतली निम्मी माझ्यासारख्या घरची, जिथे कागद म्हणजे किराण्याच्या पुड्या. त्या पोरांना परीक्षेतून पार करणं एवढं त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी केलं. त्यांच्यामुळे मी पोती उचलली नाहीत. पण घरचं काही लिही, असं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही बारा वर्षांत कोणाला सांगितलं नाही. मी कागदाचे तुकडे केले. ते नदीत टाकायचे नाहीत म्हणून खिशातच ठेवले.

घरी आलो तेव्हा पिशवी खुंटीला होती, तिच्यावर ताजं कुंकू. दोघी बराच वेळ हसून आता गप्प बसल्यासारख्या दिसत होत्या. बायकोने शिऱ्याची वाटी पुढे केली. "पाहुनीचं झालं, हे तुमचं." मी काही विचारलं नाही. रविवारभर पिशवी तिथेच लटकत होती. मुलीने तिच्या तोंडाला अशी गाठ मारली होती की कोणी सोडली तर तिला कळावं, आणि दिवसातून तीनदा ती गाठ बघून गेली. मी दोनदा खुंटीपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

सोमवारी मी माझ्या वर्गाला चित्र काढायला दिलं आणि फळ्यापाशी उभा राहिलो. पलीकडे मुलीचा आवाज आला. ती कुठेही थांबत नव्हती.

'आमच्या घरी कोन कशाले भेते. आई पालीले भेते. पाल दिसली का आई खाटेवर चढते अन् मले म्हनते का तू भेऊ नको. मले अंधारात भेव वाटते, पन आता कमी. बाबा कोनालेच भेत नाई असं म्हनते. पन बाबा म्याडमले भेते. म्याडमची गाडी आली का बाबा खडू शोधते. खडू हातातच राह्यते. म्याडमच्या वर्गात पोट्टे हसले का बाबा मले घरी इचारते, काऊन हसले. मी सांगतलं का म्हनते, त्यात काय हसाचं. मंग थेच आईले सांगते अन् खूप हसते. आई म्हनते का बाबाले त्या वर्गात बसाचं हाय, पन ते मोठे झाले.'

वर्ग इतका हसला की माझ्या खोलीतली पोरंही हसली, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. शेजारचा मुलगा म्हणाला, "म्याडम, हे खरं हाय."

माझ्या वर्गातली पहिलीची एक मुलगी माझ्याकडे बघत होती. "सर, तुमच्या हातात खडू हाय," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "चित्र काढ."

मला तेव्हाही हेवा वाटला. मॅडमचा वाटला, कारण हे पान त्यांच्या वर्गात झालं आणि माझ्या वर्गात दोन वर्षांत होऊ शकलं नाही. त्याहून जास्त मुलीचा वाटला. आठ वर्षांचा असताना मला कोणी असा प्रश्न विचारला असता तर मी काय लिहिलं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

मधल्या सुट्टीत ती दाराच्या फटीत येऊन उभी राहिली. पूर्वी माझ्या वर्गात असताना उभी राहायची तशी, पण आज ती बोलली.

"बाबा, रागावले?"

"नाही. रोज असतो का गं खडू हातात?"

"रोज."

"पुढच्या फेरीला मी घरी राहू?"

मागून कोणीतरी तिला खेळायला हाक मारत होतं.

"राहा," ती म्हणाली. "पन बाहेरच्या खोलीत."